अंगणातल्या वाळूवरचं अलेक्झांड्रिया

नबराने अलेक्झांड्रियाला जायचं ठरवलं, तेव्हा तिची साठी कधीच उलटून गेली होती. तिच्या नवऱ्याने त्या शहरात उभा जन्म काढला होता आणि तिने ते एकदाही पाहिलं नव्हतं.

इजिप्तच्या दक्षिणेकडच्या आमच्या नूबी वस्तीत याचं कुणाला नवल नव्हतं. पुरुषांनी उत्तरेला जायचं, कुणाच्या स्वयंपाकघरात, कुणाच्या दारात, कुणाच्या मोटारीच्या चाकामागे आयुष्य घालवायचं आणि बायकांनी इकडे घर, म्हातारी माणसं आणि खजुराची झाडं राखायची, ही आमची पणज्यांपासूनची रीत. धरणाच्या पाण्यात जुनं गाव बुडालं. सरकारने कोम ओंबोजवळ, उसाच्या मळ्यांपलीकडे, ओळीने घरं बांधून दिली. पूर्वी दार उघडलं की समोर नाईल असायची, ती दिसेनाशी झाली. रीत मात्र तशीच राहिली.

नबराचा नवरा मिर्घनी लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात उत्तरेला गेला. दोन वर्षांतून एकदा महिनाभर घरी यायचा. येताना सुवासिक साबण आणायचा, तिळाच्या हलव्याचा डबा आणायचा आणि गोष्टी आणायचा. समुद्राच्या काठावर मोठी इमारत आहे, तिचा सगळा कारभार माझ्याकडे आहे, वरच्या मजल्यावर माझी खोली आहे, खिडकीतून जहाजांचे दिवे दिसतात. वस्तीतली पोरं तोंडाचा आ वासून ऐकायची. सगळे त्याला 'बिल्डिंगचे मॅनेजर' म्हणायचे. उंच, सडपातळ, पांढराशुभ्र पायघोळ गल्लाबिया घातलेला मिर्घनी बाजारातून चालला की म्हातारेही बाकावर सरकून त्याला जागा द्यायचे.

मग एके वर्षी त्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं आणि त्याला गाडीत घालून घरी आणलं. तेव्हापासून तो अंगणातल्या खाटेवर असायचा. उजव्या हातात खजुराच्या फांदीची काठी, डावा हात मांडीवर ठेवलेला. जीभ थोडी जड झाली होती, पण डोकं शाबूत होतं.

सहलीची कल्पना इनासची. इनास ही त्यांच्या मुलाची, फिक्रीची मुलगी. फिक्री कामासाठी सुएझला होता. मुलगी आजी-आजोबांजवळ वाढली आणि कोम ओंबोच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली. हिवाळ्याची सुट्टी जवळ आली तसं ती एकदा ताटावर बसल्या बसल्या म्हणाली, "आजी, आपण दोघी दोन दिवस अलेक्झांड्रियाला जाऊ या? नवं ग्रंथालय झालंय तिथे. किल्ला आहे, जुन्या काळचा तो मोठा खांब आहे. हानेम आत्या आजोबांजवळ राहील."

तिला वाटलं होतं, आजी नेहमीसारखं म्हणेल, "कोंबड्यांना कोण बघेल?" नबराने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि म्हणाली, "जाऊ."

एवढंच. इनास बघतच राहिली. मिर्घनीही बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून मिर्घनीने सहलीची सूत्रं हातात घेतली. त्या आठवड्यात तो जितका खुशीत होता तितका आजारपणानंतर कधीच दिसला नव्हता. "वाळू सारखी कर," तो इनासला म्हणायचा. ती झाडूने अंगणातली वाळू सपाट करायची आणि तो खाटेवरून वाकून काठीने तिच्यावर शहर काढायचा.

"हा समुद्र." एक लांब वाकडी रेघ. "हे जमिनीचं टोक पाण्यात घुसलंय ना, इथे किल्ला. सकाळीच जायचं. दुपारी वारा असा सुटतो की डोक्यावरची ओढणी थेट ग्रीसला जाऊन पडेल."

"मग जाऊ की ग्रीसला, ओढणी आणायला," इनास म्हणाली.

"तुझ्या आजीला विचार. ती कोम ओंबोच्या बाजारात गेली तरी दुपारी घरची आठवण काढते."

नबरा उंबऱ्याशी बसून भाजी निवडत होती. ती हसली, पण वर बघितलं नाही.

"किल्ल्यावरून उतरलात की अबू अल-अब्बासची मशीद. तिथे माझ्या नावाने दोन रकात नमाज पढायची, विसरायचं नाही. मग मासळी. मासळीवाला पहिली किंमत सांगेल तेव्हा हसायचं, दुसरी सांगेल तेव्हा पाठ फिरवायची. खांब दुसऱ्या दिवशी. जमिनीखालच्या जुन्या कबरी त्याच्याजवळच आहेत, त्याही बघून घ्या. तिथून परत येऊन निळी ट्राम पकडायची. बायकांचा डबा वेगळा असतो. शातबीला उतरायचं, ग्रंथालय बघायचं आणि तिथून परत फिरायचं."

काठी तिथे थांबली.

"शातबीच्या पुढे काय आहे?" नबराने विचारलं.

"पुढे काही नाही. घरं आहेत."

"काही नाही कसं? ट्राम तर पुढे जाते म्हणालात."

"जाते. लोकांना घरी जायचं असतं म्हणून जाते. बघण्यासारखं काही नाही."

इनासला यात काही वेगळं दिसलं नाही. ती म्हणाली, "पण आजोबा, तुमची इमारत? तुमची खोली बघायची आहे मला. जहाजांचे दिवे दिसणारी."

मिर्घनीने काठीने वाळूवर एक जागा पुसली. तिथे त्याने काहीच काढलेलं नव्हतं. "पाडली असेल ती आता," तो म्हणाला. "जुनी झाली होती. वारा सुटलाय, मला आत घ्या."

नबरा भाजी निवडत राहिली. ती इमारत ट्रामच्या रस्त्यामागे, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाला लागून आहे, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. पस्तीस वर्षं उत्तरेला जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हाती तिने खजुराची पिशवी दिली होती आणि प्रत्येकाकडून तो पत्ता घोकून घेतला होता.

शेजारची शाया आणि ती एकाच चुलीवर भाकरी करायच्या. शाया तिच्याच वयाची, जिभेला हाड नसलेली. ती दुसऱ्या दिवशी तव्यावर पीठ पसरत म्हणाली, "चाललीस म्हणे समुद्र बघायला."

"हो."

"मला नको सांगूस. चालली आहेस ती सवत बघायला."

नबराने तव्यावरची भाकरी उलटली.

"अगं, अलेक्झांड्रियाचा नवरा म्हणजे अर्धा नवरा. हे आपल्या आयांनी आपल्याला सांगूनच दिलं होतं," शाया म्हणाली. "माझा तर दुसरीला घेऊनच आला इथे. मी तिला याच तव्यावरची भाकरी घातली. गोरी होती, घामोळं उठलं होतं बिचारीला, रात्रंदिवस खाजवायची. त्या दिवसापासून माझा राग निम्मा झाला. तुझं दुखणं बिनचेहऱ्याचं आहे, म्हणून बरं होत नाही."

"तो म्हातारा झालाय. आता बघून काय करायचंय?"

"मग जातेस कशाला?"

याचं उत्तर नबराला शायाला द्यायचं नव्हतं. ते चाळीस वर्षं जुनं होतं.

नव्या वसाहतीत आल्यावर पहिलाच उन्हाळा फार वाईट गेला. घरांच्या भिंती ओल्या होत्या, नळाला पाणी नव्हतं, सावली देईल असं एक झाड नव्हतं. लेकरं एकामागून एक जाऊ लागली. कुठल्या घरातून रडणं येतंय हे बघायला बायकांचं बाहेर येणंही बंद झालं, इतकं ते रोजचं झालं. नबराची धाकटी सकीना तेव्हा नुकती भिंत धरून चालायला लागली होती. तिला जुलाब लागले तेव्हा नबराने उत्तरेला निघालेल्या एका माणसाबरोबर निरोप पाठवला: आम्हाला तिकडे घेऊन जा. तो माणूस परत यायच्या आधी सकीना गेली. वस्तीतल्या बायकांनीच तिला मातीआड केलं. मग निरोपाचं उत्तर आलं: इथे बायकामुलांची सोय नाही.

मिर्घनी आला तो हिवाळा सरताना. कबरीशी बसून लहान मुलासारखा रडला. नबराने तेव्हा त्याला पुन्हा विचारलं. "मला आणि फिक्रीला घेऊन चला. मी कुठेही राहीन." तो जमिनीकडे बघत म्हणाला, "सोय नाही."

वरच्या मजल्यावर खोली आहे, खिडकीतून जहाजं दिसतात, आणि सोय नाही. याचा अर्थ काय घ्यायचा हे नबराला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिने तिसऱ्यांदा विचारलं नाही. पुढे हानेम झाली, मोठी झाली, लग्न होऊन पलीकडच्या गल्लीत गेली. नबराने नवऱ्याचं कधी काही कमी केलं नाही. तो लुळा होऊन आला तेव्हापासून त्याला आंघोळ घातली, भरवलं, कूस बदलून दिली. पण ज्या बाईने त्याला वरच्या मजल्यावर पस्तीस वर्षं चहा करून दिला असेल, तिचा विचार केल्याशिवाय नबराचा एक दिवस गेला नाही.

निघायच्या दिवशी मिर्घनीने सगळी सहल तिच्याकडून एकदा म्हणून घेतली. किल्ला, मशीद, मासळी, खांब, कबरी, ट्राम, ग्रंथालय. "आणि शातबीवरून?" त्याने विचारलं.

"परत," नबरा म्हणाली.

गाडीच्या लांबलचक प्रवासानंतर दोघी अलेक्झांड्रियाला उतरल्या तेव्हा पाऊस येऊन गेला होता आणि रस्ते काळे चकचकीत झाले होते. आमच्या गावच्या मंडळाची तिथे एक जुनी जागा आहे. गावचं कुणी आलं की दोन खोल्या उघडून देतात. तिथे पिशव्या टाकून त्या किल्ल्याकडे गेल्या.

मिर्घनीने सांगितलं होतं तसंच सगळं होतं. वारा होता, ओढणी उडत होती, कोळी जाळी वाळवत होते. इनास आनंदाने वेडी झाली होती, भिंतीवर चढून फोटो काढत होती. नबरा कठड्याला धरून समुद्राकडे बघत राहिली.

"कसा वाटला?" इनासने विचारलं.

"बडबड्या आहे," नबरा म्हणाली. "नाईल कशी, एवढी मोठी पण अक्षर बोलायची नाही. हा गप्पच बसत नाही. याच्या शेजारी माणूस मनातलं कसं ऐकत असेल?"

मशिदीत तिने दोन रकात पढल्या. मासळीवाल्याच्या दुसऱ्या किमतीला पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशी खांब बघितला, त्याच्या भोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "उभा आहे बापडा." जमिनीखालच्या कबरींच्या दाराशी मात्र ती थांबली.

"तू जा. मी इथे बसते."

"अगं आजी, दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. लोक कुठून कुठून येतात बघायला."

"मेलेल्यांच्या घरी तिकीट काढून कोण जातं?" नबरा म्हणाली. मग थोड्या वेळाने, "माझी आई, माझा बाप, सगळे धरणाखाली आहेत. तिथे जायला कुठे तिकीट मिळत असेल तर सांग, काढते."

इनास आत गेली नाही. ती आजीशेजारी दगडावर बसली. बराच वेळ दोघी तिथेच होत्या.

दुपारी त्या ट्राममध्ये बायकांच्या डब्यात बसल्या. शातबी आलं. समुद्रासमोर ग्रंथालयाचं गोल छप्पर पावसाने धुतल्यासारखं चमकत होतं. इनास उठली.

"बस," नबरा म्हणाली.

"आपलं ठिकाण आलं, आजी."

"माझं नाही आलं."

इनासने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि खाली बसली. ट्राम पुढे गेली. पुढच्या थांब्यांची नावं नबरा ओठातल्या ओठात म्हणत होती आणि एकेक नाव खिडकीबाहेरच्या पाटीवर खरं होत होतं. इब्राहिमियाला ती उतरली, रूळ ओलांडले, मागच्या रस्त्याला वळली. कोपऱ्यावर औषधाचं दुकान होतं. त्याला लागून इमारत होती. पाडलेली नव्हती.

सहा मजल्यांची, रंग उडालेली, दारावर लोखंडी वेलबुट्टी. समोर समुद्र नव्हता. समोर दुसरी तसलीच इमारत होती. दाराशी एक तरुण बाई पायऱ्या पुसत होती.

"कुणाकडे जायचंय, खाला?" तिने विचारलं. बोलण्यावरून सईदी, म्हणजे दक्षिण इजिप्तची, सोहागकडची वाटत होती.

"इथे मिर्घनी म्हणून होते. नूबी," नबरा म्हणाली. "इमारतीचे मॅनेजर."

"मॅनेजर?" बाईने फडकं पिळलं. "इथे मॅनेजर कुणी नाही. मिर्घनी काका म्हणजे आधीचे दरवान. ते आजारी पडले, मग आमच्या ह्यांना काम मिळालं. तुम्ही कोण त्यांच्या?"

"मी त्यांच्या घरची."

"अल्ला! आत या, आत या. अशा दारात काय उभ्या राहता? मी रस्मिया."

रस्मियाने त्यांना आत नेलं. आत म्हणजे जिन्याखाली. तिथे एक बुटकं दार होतं, त्यातून नबरालाही वाकावं लागलं. वरून जिना जात होता म्हणून छत एका बाजूने उतरत खाली आलं होतं. उभं राहायचं तर दाराशीच. भिंतीला लागून पाण्याचा पंप होता, तो मध्येच घरघरायचा आणि मग बोललेलं ऐकू यायचं नाही. खिडकी नव्हती. एका भिंतीवर लाकडी फळी होती, तिच्यावर छोटी छोटी बटणं आणि प्रत्येकाखाली घराचा आकडा. कुणी वरून घंटी दाबली की इथे वाजायचं. त्या फळीखाली सिमेंटचा एक ओटा होता, त्यावर गादी.

"काका यावरच झोपायचे," रस्मिया चहाचं आधण ठेवत म्हणाली. "आम्ही लेकरांना झोपवतो. आम्ही दोघं खाली."

नबराने ओट्याकडे पाहिलं. मिर्घनीसारखा उंच माणूस त्यावर पाय पसरू शकला नसता. तो सुट्टीवर यायचा तेव्हा घरच्या लांबरुंद खाटेवरही गुडघे पोटाशी घेऊन झोपायचा. ती त्याला हसायची. म्हणायची, "खाट काय भाड्याने घेतली आहे का? पाय लांब करा."

"इथे बाई कोण राहायची त्यांच्याबरोबर?" तिने विचारलं. इनासने दचकून तिच्याकडे पाहिलं.

"इथे? काकांबरोबर?" रस्मिया हसली. "कुणी नाही, खाला. आम्ही आलो तेव्हा इथे एक पातेलं होतं आणि कोपऱ्यात खजुराच्या रिकाम्या पिशव्या घडी घालून ठेवलेल्या. एवढी चळत. कुणाला टाकूही देत नव्हते म्हणे."

फळीवरची घंटी वाजली. रस्मिया कपाळाला आठी घालून उठली, तेवढ्यात वरून एक म्हातारी बाईच काठी टेकत खाली आली. तिसऱ्या मजल्यावरची, अंगात लोकरी कोट, केस नीट विंचरलेले. रस्मियाने तिला सांगितलं, ह्या मिर्घनी काकांच्या घरच्या. म्हातारीचा चेहरा उजळला.

"मिर्घनी! कसा आहे तो? माझी मुलं त्याच्या खांद्यावर बसून वर जायची, लिफ्ट बंद पडली की. दहा वेळा हाक मारा, दहा वेळा येणार. तोंडातून शब्द नाही. आता असे मिळत नाहीत." तिने नबराचा हात हातात घेतला. "फार गुणी पोरगा होता हो."

"पोरगा," नबरा म्हणाली.

बाईला त्यात काही वाटलं नाही. तिने सलाम सांगितला, रस्मियाला पाव आणायला सांगितलं आणि वर गेली.

चहा झाला. रस्मियाची तिन्ही मुलं शाळेतून आली, दप्तरं ओट्यावर फेकली आणि त्या एवढ्याशा जागेत भांडायला लागली. रस्मियाने एकाला धपाटा घातला, एकाच्या तोंडात साखरेचा खडा दिला आणि नबराकडे बघून हसली. "असं आहे बघा आमचं. पण आहोत एकत्र."

बाहेर आल्यावर इनास आजीचा हात धरून चालत होती. ती रडत होती. "बिचारे आजोबा," ती सारखी म्हणत होती. "बिचारे आजोबा."

नबराचे डोळे कोरडे होते. "हं," ती म्हणाली. तिच्या पोटात कळवळा होता, नाही असं नाही. पण त्याच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं. त्या खोलीत एक बाई तीन लेकरांसकट राहत होती. हसत होती. जागा होती. नबराच्या सकीनासाठी त्या ओट्याच्या कोपऱ्यात वीतभर जागा होती.

घरी आल्यावर मिर्घनीने सहल ऐकून घेतली. इनासने सगळं सांगितलं, फोटो दाखवले, ग्रंथालयाचं वर्णन मात्र वर्तमानपत्रात वाचलेलं सांगितलं. तो तृप्त होऊन ऐकत होता. दोन-चार दिवस नबराने त्याचं सगळं केलं, पण बोलली नाही. मग एका दुपारी, इनास शाळेत असताना, ती खाटेच्या पायथ्याशी येऊन बसली.

"अबू फिक्री," तिने त्याला मुलाच्या नावाने हाक मारली, "मी शातबीला उतरले नाही."

मिर्घनीची काठी हातातून निसटली. ती उचलून द्यायला नबरा उठली नाही.

"इमारत पाडलेली नाही," ती म्हणाली. "जिनाही तसाच आहे."

अंगणात कोंबड्या वाळू उकरत होत्या.

"मला वाटायचं, तिकडे तुमची दुसरी आहे," नबरा म्हणाली. "चाळीस वर्षं मी तिच्याशी भांडले. मनातल्या मनात. तिला काय काय बोलले मी! आणि तिथे होता एक पाण्याचा पंप."

"माझी दुसरी कुणी नव्हती."

"माहीत आहे. म्हणून तर जास्त राग येतोय. दुसरी असती तर तुम्ही नालायक ठरला असता आणि मी मोकळी झाले असते." तिचा आवाज चढला. "त्या खोलीत आता सोहागची एक बाई राहते. तीन मुलं आहेत तिला. तीन! मी बसून झोपले असते. मी जिन्यावर झोपले असते. त्या शहरात डॉक्टर होते, दवाखाने होते. तुम्ही 'सोय नाही' म्हणालात."

आजारानंतर मिर्घनीला लवकर रडू यायचं, पण तो रडला नाही. जड जिभेने, एकेक शब्द ओढत बोलला.

"घंटी वाजायची. सिगारेट आण, कुत्र्याला फिरवून आण, पोराला शाळेतून आण. पन्नाशीत मला 'ए पोरा' म्हणायचे. चांगले होते लोक. मारलं नाही कुणी. पण 'ए पोरा'. मला वाटायचं, इथे गावात एक मिर्घनी आहे, पांढऱ्या कपड्यातला. लोक त्याला जागा देतात. तो तुझ्या डोळ्यांत तरी राहू दे. तू मला घंटीला उठताना पाहिलं असतंस तर तोही मेला असता."

"माझ्या डोळ्यांत कुणी नव्हतं," नबरा म्हणाली. "तुम्ही नव्हताच तर कोण असणार? रिकामे होते डोळे."

ऊन भिंतीवरून वर सरकत गेलं. शेवटी तो म्हणाला, "सकीनाचं मी रोज..."

नबराने त्याला माफ केलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. तिने तसं कधी म्हटलं नाही. ती उठली, काठी उचलून त्याच्या हातात दिली आणि चुलीकडे गेली. पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्याच वेळी येऊन बसली आणि म्हणाली, "सांगा. पहिल्या दिवसापासून. जहाजांचे दिवे नकोत, खरं सांगा."

तो सांगू लागला. आधी अडखळत, मग रोज थोडं थोडं. पहिल्या हिवाळ्यात खोकला झाला तो कसा बरा होईना. ईदच्या दिवशी सगळे घरी गेले की इमारत कशी रिकामी व्हायची आणि तो जिन्यावर बसून मोठ्याने आपल्या भाषेत बोलायचा, विसरायला नको म्हणून. सकीना गेल्याचं कळलं तेव्हा तो चौथ्या मजल्यावरच्या लग्नासाठी खुर्च्या वाहत होता आणि सगळ्या खुर्च्या वाहून झाल्यावरच बसला. नबरा ऐकायची. कधी कधी उठून जायची, कधी कधी त्याच्यावर ओरडायची. एकदा शाया कुंपणावरून डोकावून म्हणाली, "आता म्हातारपणी भांडता होय?" तर नबरा म्हणाली, "आधी वेळ कुठे मिळाला होता?"

असं वर्षभर चाललं. पुढच्या हिवाळ्यात मिर्घनी गेला. त्याला सकीनाच्या शेजारी पुरलं. जनाज्याला आलेल्या माणसांनी 'बिल्डिंगचे मॅनेजर' म्हणून त्याची आठवण काढली, तेव्हा फिक्री मान हलवत राहिला. नबराने पुरुषांना काही सांगितलं नाही; खजुराच्या पिशव्या पोचवणाऱ्यांना ते कधीचंच माहीत होतं. शोकाला बसलेल्या बायकांना मात्र सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं तरी सांगितलं. जिना, पंप, फळीवरची बटणं, सगळं. एकही बाई हसली नाही. दोघीतिघी ओढणीत तोंड लपवून रडल्या. त्यांचेही नवरे उत्तरेत होते किंवा होऊन गेले होते, आणि त्यांनाही कुणीतरी समुद्राच्या खिडकीची गोष्ट सांगितलेली होती.

पुढे इनासला मागणी आली. मुलगा आपल्यातलाच, शिकलेला, शार्मच्या एका हॉटेलात कामाला. त्याची आई, मावशी आणि तो, असे तिघं आले. हलवा आला, चहा झाला, मुलाची आई मुलाचं कौतुक करू लागली. हॉटेल किती मोठं, पाहुणे कुठकुठले, समुद्र कसा समोरच. नबराने तिला बोलू दिलं. मग मुलाकडे वळून विचारलं, "बाळा, तू झोपतोस कुठे?"

मुलाची आई घाईने म्हणाली, "हॉटेलच देतं ना, खोली..."

"मी त्याला विचारते आहे."

मुलाने हातातला पेला खाली ठेवला. "हॉटेलच्या मागे कामगारांची चाळ आहे, आजी," तो म्हणाला. "एका खोलीत आठजण. एकावर एक खाटा. माझी वरची. छताला डोकं लागतं."

त्याची आई लाजेने काळवंडली. नबराने आतल्या खोलीच्या दाराकडे तोंड केलं, जिथे इनास उभी होती.

"ऐकलंस?" ती म्हणाली. "मुलगा खरं बोलतोय. आता त्या खोलीचं काय करायचं ते तुम्ही दोघांनी मिळून ठरवा."